चार हजार वॅट छापणाऱ्या महाशयांस

प्रति,
स्पीकरच्या खोक्यावर ‘४००० वॅट पीएमपीओ’ छापायचं ठरवणारे महाशय,

तुमचं नाव मला माहीत नाही. खोक्यावर कंपनीचं नाव आहे, आयात करणाऱ्याचा पत्ता आहे, कमाल किरकोळ किंमत आहे. चार हजार हा आकडा कुणाच्या डोक्यातून निघाला, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून पत्र उघड लिहावं लागतंय. तुमच्यापर्यंत ते पोचेल, कारण पुण्याच्या तापकीर गल्लीत जा की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, तुमच्यासारख्यांची खोकी एकावर एक रचलेली दिसतात आणि प्रत्येकावरचा आकडा शेजारच्याच्या वर चढलेला असतो. तुम्ही एकटे नाही, तुमची जमात आहे. हे पत्र त्या सगळ्यांना आहे.

आधी तुमचाच पुरावा तुमच्यासमोर ठेवतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला हाताच्या पंजाएवढ्या सोनेरी अक्षरांत ४००० वॅट. स्पीकर उलटा करून पाहिला, तर मागे नखाएवढ्या अक्षरांतली एक पट्टी: इनपुट १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार करा. २४ वॅट. आत येणारी सगळी वीज एवढीच. त्यातली बरीच अँप्लिफायर उष्णतेत घालवतो आणि स्पीकरच्या कॉइलपर्यंत पंधरा-सोळा वॅट पोचले तरी पुष्कळ झाले. २४ वॅट आत घेऊन ४००० बाहेर काढणारं यंत्र तुमच्याजवळ असेल, तर स्पीकर कसले विकता? कोयना प्रकल्पाच्या शेजारी दुकान टाका.

घरातला साधा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला तो १३८० वॅट देतो. गीझरसाठी बसवलेला १६ अँपिअरचा सॉकेट ३६८० वॅट देतो. म्हणजे तुमच्या आकड्याला गीझरचा सॉकेटही अपुरा पडावा. आणि तुमचा स्पीकर चालतो कशावर, तर मोबाइलच्या चार्जरइतक्या बारीक वायरीवर.

तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: ‘हा सलग चालण्याचा आकडा नाही, क्षणिक शिखराचा आहे.’ ठीक. शिखराचंच बोलू. १२ व्होल्टवर चालणाऱ्या अँप्लिफायरला ब्रिज पद्धतीने जोडलं, तरी ४ ओहमच्या स्पीकरवर तो कोणत्याही क्षणी १२ व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. १२ चा वर्ग १४४, भागिले ४, म्हणजे ३६ वॅट. हे शिखर. क्षणभराचं, एका वाहिनीचं, काहीही वाया न गेल्यास. अशा चार वाहिन्या एकत्र केल्या तरी १४४. उरलेले ३८५६ वॅट कुठून आणलेत, एवढंच सांगा.

ते कसे येतात हे दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. एलए ४४४० ही सान्यो कंपनीची जुनी आयसी आपल्याकडच्या हजारो अँप्लिफायर बोर्डांवर बसलेली आहे. तिच्या डेटाशीटमध्ये ब्रिज जोडणीत १९ वॅट लिहिले आहेत, तेही आवाज १० टक्के विकृत होऊ दिला तर. त्याच आयसीचा बोर्ड बाजारात ‘२०० वॅट’ म्हणून मिळतो. तुम्ही त्याच्याही पुढे जाता. पायरी पहिली: १० टक्के विकृतीला मिळणारा आकडा घ्यायचा. दुसरी: सगळ्या वाहिन्यांची बेरीज करायची. तिसरी: शिखर म्हणून दुप्पट करायची. इथपर्यंत निदान गणित आहे. चौथ्या पायरीवर एक गुणाकार होतो, त्याला नाव नाही, सूत्र नाही, मर्यादा नाही. त्या गुणाकारालाच तुम्ही पीएमपीओ म्हणता. त्याची व्याख्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय मानकात नाही. स्पीकर किती वॅट सोसतो याची खरी चाचणी आयईसीच्या ६०२६८-५ या मानकात आहे आणि तिथे स्पीकरवर १०० तास आवाजाचा मारा करून तो जिवंत राहतो का ते पाहतात. तुमच्या चार हजारांना १०० तास नकोत. १०० मिलिसेकंदसुद्धा ते टिकणार नाहीत.

असली आकडेबाजी अमेरिकेतही झाली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला: घरगुती अँप्लिफायरचे वॅट जाहीर करायचे, तर सलग सरासरी वॅट सांगा, किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि किती विकृतीसह, तेही सांगा. चार गोष्टी एकत्र आल्या तरच आकड्याला अर्थ येतो. तुम्ही त्यातली एकही सांगत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची अफरातफर आमच्या गळ्यात नवी म्हणून बांधता.

आता समजा, उद्या तुम्हाला उपरती झाली आणि खोक्यावर खरे पंधरा वॅट छापलेत. तरी अर्धीच परतफेड होईल. कारण वॅट ही स्पीकरने गिळलेली वीज. कानावर काय येतं हे ती सांगत नाही. तेवढ्याच विजेत स्पीकर किती जोरात वाजतो, ते त्याच्या सेन्सिटिव्हिटीवरून कळतं: २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. घरच्या चांगल्या स्पीकरांचा हा आकडा साधारण ८४ ते ९० च्या दरम्यान असतो. फरक सहाचाच वाटतो, पण दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते. ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॅटमध्ये जे करतो, त्यासाठी ८४ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट हवेत. हा एक आकडा छापलात, तर तुमचे सगळे वॅट ग्राहकाला तपासता येतील. म्हणूनच तो तुमच्या खोक्यावर नसतो.

दहा बाय बाराच्या खोलीत, शेजाऱ्यांशी संबंध राखून, आम्ही गाणं ऐकतो तेव्हा बहुतेक वेळ स्पीकरला एक वॅटसुद्धा लागत नाही. तबल्याच्या थापेला, ताशाच्या कडकडाटाला क्षणभर दहा-वीस लागतात. आमचं सगळं संगीत त्या पहिल्या वॅटमध्ये राहतं. तो पहिला वॅट कसा वाजतो, याबद्दल तुमच्या खोक्यावर एक अक्षर नाही. आणि ज्या तीन हजार नऊशे नव्व्याण्णवांशी आमची कधी गाठ पडणार नाही, त्यांची जाहिरात सोनेरी अक्षरांत.

आता तुमचा स्पीकर उघडू. पुढच्या जाळीमागे मोठा वूफर, त्याच्या वर चमकणारा चंदेरी ट्वीटर. काही पेट्यांत हा ट्वीटर उचकटला की मागे वायरच नसते. प्लॅस्टिकची टोपी, वर रंग, आत पोकळी. ज्या वस्तूचं काम आवाज काढणं, तिच्या तोंडावर तुम्ही मुका घुमट बसवलात आणि त्याला ‘टू-वे’ म्हणालात. हे करताना कुणीतरी ते चित्र काढलं असेल, साचा बनवला असेल, त्याचे पैसे मोजले असतील. फसवणुकीवर एवढा खर्च होऊ शकतो, तर खरा ट्वीटर किती महाग पडला असता?

जिथे ट्वीटर खरा असतो, तिथे त्याच्या वाटेवर एक एकटा कपॅसिटर असतो, बहुधा २.२ मायक्रोफॅरडचा. ८ ओहमच्या ट्वीटरबरोबर हिशेब केला, तर तो सुमारे ९००० हर्ट्झच्या खालचा आवाज अडवू लागतो. म्हणजे ९००० च्या खालचं जवळजवळ सगळं वूफरनेच वाजवायचं. आणि वूफरकडे जाणारे वरचे स्वर अडवणारी कॉइल तुम्ही बसवलेलीच नसते, कारण तांबं महाग. साडेसहा इंची वूफर म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर. २००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सतरा सेंटिमीटर. लहर वूफरच्या कोनापेक्षा, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूपेक्षा, लहान झाली, की आवाज चहूकडे पसरायचा थांबतो आणि विजेरीच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. त्यापुढे कोन एकसंध हलतही नाही, त्याच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी थरथर सुरू होते. म्हणून दोन ते नऊ हजारांच्या पट्ट्यात तुमचा स्पीकर समोर बसलेल्याला टोचतो आणि बाजूला बसलेल्याला मंद, मळकट ऐकू येतो. माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो याच पट्ट्याच्या खालच्या भागात. स, श, च, त ही व्यंजनं याच पट्ट्यात आणि त्याच्या वर स्पष्ट होतात. काही रुपयांची कॉइल वाचवून तुम्ही आमच्या गाण्यांचे शब्द खाल्लेत.

सुट्या भागांची जाहिरात करायची हौसही तुम्हाला आहे. ‘जम्बो मॅग्नेट’, ‘कार्बन कोन’. पण भागांची नावं म्हणजे आवाज नव्हे. यामाहाच्या एनएस-१० या स्पीकरचा पांढरा कोन कागदाचा होता आणि जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत तो कित्येक वर्षं टेबलावर उभा राहिला. मॅग्नेट मोठा असला म्हणून खर्ज वाढतो असंही नाही. ठरावीक पेटीत गरजेपेक्षा तगडा मॅग्नेट बसवला, तर खालचे स्वर उलट लवकर ओसरतात. हे कुणाच्या मताचं प्रकरण नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याचं पक्कं गणित मांडलं. कोनाची स्वतःची कंपनाची फ्रिक्वेन्सी, मॅग्नेट आणि कॉइल मिळून त्या कंपनाला किती आवर घालतात, कोनाच्या लवचिकतेला किती लिटर हवेची बरोबरी, ही तीन मापं हाती असली की पेटीची फळी करवतीखाली जायच्या आधी तिचा खर्ज कागदावर काढता येतो. आज हे गणित फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर कॉलेजातली मुलं करतात. तुम्ही ती तीन मापं मोजली होतीत का? मोजली असतील, तर लपवलीत. मोजली नसतील, तर स्पीकर बनवला म्हणू नका, प्लॅस्टिकच्या पेटीत एक कोन कोंबला म्हणा.

त्याच गणितातून निघणारी एक अट केएलएच कंपनीच्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते: खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिघांपैकी दोनच मिळतील. तिसरं सोडावंच लागतं. शिवाय तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. म्हणून चार इंची कोनाच्या चिमुकल्या पेटीवर ‘एक्स्ट्रा डीप बास’ लिहिलं, की त्याचा अर्थ एकच होतो. तुम्ही ८० ते १२० हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा तयार केलाय आणि त्याच्या खाली काही नाही. मग प्रत्येक गाण्याचा खर्ज एकाच स्वरात ‘धम्म’ करतो. राग कोणताही असो, ताल कोणताही असो, धम्म तोच.

‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ ही तुमची आणखी एक ओळ. त्यापुढे किती डेसिबलच्या आत, ते लिहिलेलं नसतं. अधिक-उणे ३ डेसिबल असेल, तर ती ओळ म्हणजे मोठं वचन आहे. ते नसेल, तर त्या ओळीचा अर्थ एवढाच, की २० हर्ट्झचा संदेश दिल्यावर तुमच्या स्पीकरने काहीतरी हालचाल केली. हालचाल टेबलही करतं.

आणि तुमचे श्रीमंत भाऊबंदही आहेत. ते लाखांत स्पीकर विकतात आणि मापांचा विषय काढला की म्हणतात, ‘आवाज मोजता येत नाही, तो अनुभवायचा असतो.’ तुम्ही खोटं माप छापता, ते माप छापतच नाहीत. दोघांचा हेतू एकच: ग्राहकाच्या हाती तपासायला काही पडू नये. म्हणून दोघांनाही सांगतो, आवाज मोजता येतो, आणि मोजलेलं कानाशी जुळतं, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

कॅनडात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षं हेच काम केलं. एकीकडे प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत स्पीकरची मापं घ्यायची, दुसरीकडे पडद्याआड तेच स्पीकर ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून, लोकांकडून गुण घ्यायचे. निष्कर्ष तुमच्या धंद्याला घातक आहे. ऐकू नीट येणारी माणसं, कोणता स्पीकर आहे हे माहीत नसताना, बऱ्याच अंशी एकाच प्रकारच्या स्पीकरला पसंती देतात: ज्याची समोरची रेघ, म्हणजे कोणता स्वर किती मोठा येतो त्याचा आलेख, सपाट आणि गुळगुळीत आहे, आणि जो बाजूंनाही तोच आवाज पाठवतो, फक्त वरचे स्वर हळूहळू उतरवत. पुढे हार्मन कंपनीत टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी आणखी एक प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. तेच स्पीकर, तेच श्रोते, एकदा पडदा लावून आणि एकदा उघडे. पडदा असताना एका लहान, स्वस्त, प्लॅस्टिकच्या संचाला बरे गुण मिळाले. पडदा निघाल्यावर त्याचे गुण घसरले आणि मोठ्या, देखण्या पेट्यांचे वाढले. ऐकणारे त्याच कंपनीत काम करणारे लोक होते. त्यांचेसुद्धा कान डोळ्यांनी फिरवले. तुमचं सोनेरी चार हजार दुकानात नेमकं हेच काम करतं.

२००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांची मापं आणि त्यांना लोकांनी दिलेले गुण यांचं गणित मांडलं. मापांवरून काढलेले गुण आणि कानांनी दिलेले गुण यांचा सहसंबंध ०.८६ आला. त्या सूत्रात काय आहे ते पाहा. समोरचा आवाज किती सपाट, खोलीत पोचणारा आवाज किती सपाट, तो किती गुळगुळीत उतरतो, आणि खर्ज किती खोल जातो. चार गोष्टी. खर्जाच्या खोलीचा वाटा सुमारे ३० टक्के. वॅटचा वाटा शून्य. सूत्रात वॅट नाहीतच.

कोणतंही माप चालतं असंही नाही, हे त्याच संशोधनात दिसलं. अमेरिकेतलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ हे मासिक स्पीकर चहूबाजूंनी मिळून एकूण किती आवाज फेकतो, ते मोजून गुण देत असे. ते प्रामाणिकपणे मोजत होते. पण ऑलिव्ह यांनी १३ स्पीकर पडद्याआड ऐकवले, तेव्हा त्या गुणांचा श्रोत्यांच्या पसंतीशी मेळ बसला नाही. सगळ्या दिशांची एकच गोळाबेरीज केली, की समोरचा दोष बाजूच्या आवाजात बुडून जातो. म्हणून आता स्पीकर दहा-दहा अंशांनी फिरवतात, आडवा आणि उभा, आणि ७० रेघा काढतात. अमेरिकेतल्या सीटीए-२०३४ या मानकात ही पद्धत लिहून ठेवलेली आहे. त्या रेघांत स्पीकरचे भाग बोलायला लागतात. क्रॉसओव्हरची कंजुषी दिसते, कारण जिथे वूफर ट्वीटरच्या हाती स्वर सोपवतो तिथे बाजूच्या रेघेत खड्डा पडतो. कोनाची थरथर दिसते, पेटीच्या पातळ भिंतीचा घुमारा दिसतो. आणि तो घुमारा समोर, बाजूला, मागे सगळीकडे त्याच जागी टेकाड काढून उभा असेल, तर तो खोलीचा नाही, तुमचा आहे, हेही दिसतं.

खोलीचा दोष मी तुमच्या माथी मारणार नाही. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमणारच, बारा फुटांत ४७ च्या आसपासचा. ते आमचं आम्ही पाहू. स्पीकर हलवू, गादी टाकू, पडदे लावू. पण जो दोष पेटीतच भरून आलाय, त्याला आम्ही कुठे हलवायचं?

यात आमचं काय गेलं, ते आता सांगतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते. तुमच्या पेटीतून तो मूळ स्वर येतच नाही. कान दयाळू आहे, वरच्या स्वरांवरून तो मूळ स्वर मनात उभा करतो. पण त्यासाठी वरचे स्वर तरी आपापल्या मापात यायला हवेत. जवारीतून उठणारी ती सगळी स्वरांची मांदियाळी तुमच्या फुगवट्यांतून आणि खड्ड्यांतून येते, तेव्हा तिचं प्रमाण मोडलेलं असतं. तानपुऱ्याच्या जागी एक भुणभुण उरते.

तबल्याचं याहून वाईट होतं. साध्या कातड्याच्या वाद्याचे उपस्वर एकमेकांशी पूर्णांकात बसत नाहीत, म्हणून ढोलाला ठाम सूर नसतो. तबल्यावरच्या शाईमुळे ते उपस्वर जवळजवळ पूर्णांकात येतात आणि तबला सुरात लागतो. सी. व्ही. रमण यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. शाई थरावर थर चढवून, घोटून, तो सूर जागेवर आणणारे कारागीर रमण यांच्या कितीतरी आधीपासून ते करत आले आहेत. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जे जुळवलं, ते तुम्ही एका फुगवट्याने विस्कटता. ‘ना’ आणि ‘तिं’ मधला फरक पुसला जातो, डग्ग्याची मींड जाते, उरते ती ठोकाठोक. ज्या मुलाने तबला फक्त तुमच्या स्पीकरवर ऐकला, त्याला वाटतं तबला असाच वाजतो. माझा खरा राग इथे आहे. पैसे परत कमावता येतात. वयाच्या दहाव्या वर्षी कान जसे घडतात, तसे पुन्हा घडत नाहीत.

आणि वॅट म्हणजेच दर्जा, ही तुमची शिकवण घरात थांबली नाही. ती रस्त्यावर आली, मिरवणुकीत भिंती होऊन उभी राहिली. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ‘आमच्या मंडळाची इतक्या हजार वॅटची भिंत’ असं अभिमानाने सांगणाऱ्या पोराला हा आकडा कुणी शिकवला नाही. तुमचा आकडा मात्र त्याला तोंडपाठ आहे.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचा. त्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं. म्हणजे तुमचा खोका ही जाहिरात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. खोक्याची पुढची बाजू आणि स्पीकरच्या मागची पट्टी, दोन्ही तुम्हीच छापता. दोन्ही एकाच फोटोत मावतात. तक्रारीला याहून सोपा पुरावा कुणी मागू नये.

मागण्या पाच आहेत, आणि एकही महागडी नाही.

एक: पीएमपीओ हे चार अक्षरांचं प्रकरण छपाईतून काढून टाका.
दोन: वॅट छापायचे तर सलग सरासरी वॅट छापा, किती ओहमवर आणि किती टक्के विकृतीला, यासह.
तीन: सेन्सिटिव्हिटी छापा.
चार: फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची रेघ छापा, एक समोरची आणि एक तीस अंश बाजूची. आडव्या-उभ्या अक्षांवरच्या आकड्यांसकट. ज्या शाईत तुम्ही ज्वाळा आणि विजा काढता, त्याच शाईत ती निघेल.
पाच: जो ट्वीटर वाजत नाही, तो बसवू नका.

वाचकांना आणि खरेदीला निघालेल्यांना याच पत्रात सांगून ठेवतो. दुकानात स्पीकर आधी उलटा करा. मागचे व्होल्ट आणि अँपिअर गुणा आणि खोक्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. वर्षानुवर्षं ऐकलेलं, शब्द न् शब्द पाठ असलेलं एक गाणं सोबत न्या. दोन स्पीकर सारख्याच आवाजावर लावायला सांगा, कारण जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो आणि दुकानदाराला ते माहीत असतं. समोर ऐकलंत की दोन पावलं बाजूला सरका. तिथे गाणं बदललं, तर पैसे खिशातच ठेवा. आणि डोळे मिटून ऐका. लाजायचं कारण नाही, ज्यांनी आयुष्यभर स्पीकर मोजले, त्यांनीही स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला नाही.

महाशय, चांगला स्वस्त स्पीकर बनवणं शक्य आहे. गणित उपलब्ध आहे, मापं घ्यायचा मायक्रोफोन आज काही हजारांत मिळतो, आणि चांगला कागदी कोन, एक कॉइल, दोन कपॅसिटर आणि जाड फळीची पेटी यांना काही खजिना लागत नाही. तुम्ही तो बनवलात, तर पहिलं खुलं पत्र तुमच्या कौतुकाचं मी लिहीन आणि त्यात तुमचं नाव घालीन. बनवायचा नसेल, तर निदान खोक्याच्या पुढच्या बाजूला सांगण्यासारखं खरं काही मिळेपर्यंत ती जागा कोरी सोडा.

कळावे,
एक श्रोता